ते शब्द त्या मुलीसाठी नव्हतेच

मॅडम, नमस्कार.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. आमचे मालक यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत, मी घरी टॉवेलच्या कडा शिवते. मुलगा १९ वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळे त्याला लहानपणापासून तेलुगू पिक्चरचं वेड. एका हिरोच्या नावानं त्याचं आणि त्याच्या मित्रांचं इन्स्टावर पेज आहे. हिरोच्या वाढदिवसाला ही पोरं रक्तदान शिबिर घेतात, म्हणून मी कधी बोलले नाही.

मागच्या महिन्यात त्या हिरोचा पिक्चर आला. जुळे सोलापुरातल्या एका मुलीनं रील टाकलं की पिक्चर लांबलाय आणि हिरो थकलेला दिसतो. एवढंच. त्यावर शेकडो घाण कमेंट आल्या. माझ्या नणंदेच्या मुलीनं मला मोबाईल दाखवला. मला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून तीच वाचून दाखवत होती. मधेच थांबायची आणि म्हणायची, ‘मामी, इथं शिवी आहे, सोडते.’ त्यातल्या ११ कमेंट माझ्या मुलाच्या. मुलीचं कॉलेज कुठलं तेही त्यानंच टाकलेलं, आणि खाली ‘गेटवर भेटू’.

हा मुलगा परीक्षेला जाताना माझ्या पाया पडून जातो. मी त्याला अजून काही बोलले नाही. वडिलांना कळलं तर मारतील. हे विष त्याच्यात कुठून आलं? मोबाईल काढून घेऊ का? त्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागू का? पोलीस येतील का?

– एक आई, सोलापूर

ताई,

बाकी सगळं नंतर. कॉलेजचं नाव आणि ‘गेटवर भेटू’, या दोन गोष्टी आजच्या आज तिथून निघायला हव्यात. शिव्या वाचून ती मुलगी रडली असेल. पण हे वाचल्यावर ती सकाळी रिक्षातून उतरताना आधी गेटवर कोण उभं आहे ते बघत असणार. तिच्या आईचीही झोप उडाली असणार. तुमचा मुलगा खरंच गेटवर गेला असता असं मला वाटत नाही, तुम्हालाही वाटत नसेल. पण तिला ते कसं कळावं?

आता तुमचा पहिला प्रश्न. काही वर्षांपूर्वी मी एका क्रिकेटपटूच्या खेळाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्याच्या चाहत्यांनी मला धुऊन काढलं. माझं वय, माझे केस, माझ्या नवऱ्यानं मला कसं ठेवलं असेल, सगळं निघालं. त्यातल्या एकाला मी एवढंच लिहिलं, ‘तुमची कमेंट वाचली. फार लागलं.’ पाच मिनिटांत त्याचा मेसेज आला, ‘सॉरी मॅडम, तुम्ही स्वतः वाचता का?’ तो मेसेज मी कितीतरी वेळ बघत बसले. माझं नाव घेऊन, मला ‘तू’ म्हणून त्यानं ते लिहिलं होतं, आणि मी ते वाचेन हे त्याच्या मनातच नव्हतं. मग मी त्याची मूळ कमेंट पुन्हा उघडली. त्यानं खाली दोन मित्रांना टॅग केलं होतं. एकानं लिहिलं होतं, ‘एक नंबर बे’. दुसऱ्यानं हसणारे चेहरे टाकले होते. पाकिटावर नाव माझं होतं, पण पत्ता त्या दोघांचा होता.

तुमच्या मुलाच्या ११ कमेंटही अशाच आहेत असं मला वाटतं. त्या मुलीला काही सांगावं म्हणून त्यानं त्या लिहिल्या नाहीत. त्याच्या पेजवरच्या पोरांनी बघाव्या, वाहवा करावी, म्हणून लिहिल्या. पहिलीला शाबासकी मिळाली म्हणून दुसरी जरा जास्त तिखट, मग तिसरी. ११ पर्यंत माणूस एका रागात जात नाही, मागून कोणीतरी टाळ्या वाजवत असावं लागतं. हा नुसता माझा तर्क नाही. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ट्विटरवरच्या ७,३३१ जणांचे सव्वा कोटीहून अधिक ट्वीट तपासले. संतापाच्या ट्वीटला ज्यांना जास्त लाइक आणि शेअर मिळाले, ते पुढे अधिक संतापून लिहायला लागले, असं त्यांना दिसलं. म्हणजे शिकवणी लागते, ताई. संतापाची शिकवणी, आणि फी म्हणून लाइक.

त्या हिरोवर त्याचं प्रेम खरं आहे, ते खोटं समजू नका. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी टीव्ही बघणाऱ्यांबद्दल लिहून ठेवलंय. पडद्यावरचा माणूस आपल्याकडे बघून बोलतो, ठरल्या वेळी घरात येतो, आणि बघणाऱ्याला वाटायला लागतं की आपली त्याची ओळख आहे. ओळख एकाच बाजूची, पण माया खरी. तेव्हा टीव्ही संध्याकाळपुरता होता. आता हिरो सकाळी जिममधून दिसतो, दुपारी सेटवरून, रात्री पोराबाळांसोबत. तुमच्या मुलाला स्वतःच्या चुलत्याच्या घरात काय चाललंय ते माहीत नसेल, पण हिरोच्या घरातलं माहीत असेल.

त्यात आपल्या भाषेतला ‘आपला’ हा शब्द बघा. ‘आपला पिक्चर आला, आपण इतके कोटी केले.’ १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांचं हेच टिपलं होतं. कॉलेजची फुटबॉल टीम जिंकली की सोमवारी कॉलेजचं नाव छापलेले कपडे घालून येणारी मुलं वाढायची. जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’, हरल्यावर मात्र ‘ते हरले’. दुसऱ्याच्या उजेडात उभं राहणं म्हणजे हेच. तो उजेड कोणी कमी केला की माणसाला स्वतःवर अंधार आल्यासारखं वाटतं. ‘हिरो थकलेला दिसतो’ हे त्या मुलीनं हिरोबद्दल म्हटलं, तुमच्या मुलानं ते स्वतःबद्दल ऐकलं.

इथं थोडं थांबते, कारण हे सोलापूरच्या पोरांच्या बाबतीत मला फार जाणवतं. बी.कॉम.ला असलेला मुलगा घरात, गल्लीत, नातेवाइकांत काय ऐकतो? ‘पुढं काय?’ आणि लगेच, ‘इथं काय ठेवलंय, पुण्याला जा.’ वडिलांच्या कारखान्यात त्याला जायचं नाही, वडिलांनाही त्याला तिथं न्यायचं नाही. अशा मुलाला त्या पेजवर लोक ‘ॲडमिन’ म्हणतात. हैदराबादचा कोणीतरी त्याला भाऊ म्हणतो. पिक्चर लागायच्या दिवशी कटआउटला दुधाचा अभिषेक होतो, तेव्हा शिडीवर तो असतो. ते रक्तदान शिबिरसुद्धा याच भुकेतून आलेलं आहे, आणि ते चांगलंच आहे. आपण कोणाचे तरी आहोत, आपलं नाव घेतलं जातं, ही भूक वाईट नाही. तिला जे वाढलं जातंय ते नासकं आहे.

गट पडला की भांडायला कारण लागत नाही, हेही आपण पाहिलेलं आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं केलेला प्रयोग १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. क्ली आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रं आवडली यावरून तुमचे गट पाडलेत, असं मुलांना सांगितलं. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या काढाव्या तसे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यांपेक्षा जास्त पाहिजेत, इथपर्यंत काही गेली. चित्रांवरून हे होत असेल, तर ज्याच्यासाठी उन्हात रांगेत उभं राहिलो त्या हिरोवरून का नाही होणार?

रांगेवरून आठवलं. आमच्या लहानपणी टॉकीजच्या बाहेर दोन हिरोंच्या पोरांची मारामारी व्हायचीच. आमच्या गल्लीतल्या दोघांनी एकदा एकमेकांचे शर्ट फाडले. पण फाडताना समोर चेहरा होता. चहाच्या टपरीवरचे म्हातारे मधे पडले, आणि दोन दिवसांनी नळाला पाणी आल्यावर तेच दोघे एकमेकांच्या घागरी उचलून देत होते. मोबाईलवर चेहरा नाही, आवाज नाही, मधे पडणारा म्हातारा नाही, आणि पाणीही वेगवेगळ्या नळावर येतं. समोर कोणी दिसत नसलं की माणसाच्या जिभेचा लगाम सुटतो, हे जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञानं २००४ मध्येच मांडलंय. शिवाय कंपनीला कमेंट प्रेमाची की शिवीची याच्याशी देणंघेणं नाही. कमेंट वाढल्या की रील आणखी लोकांपुढं जातं. हिरो थकलेला दिसतो हे वाक्य तुमच्या मुलाच्या टोळीनंच गावभर पोचवलं.

आणि हे करताना त्यांना आपण वाईट वागतोय असं वाटतच नाही, ही यातली सगळ्यात अवघड गोष्ट. त्यांना आपण राखण करतोय असं वाटतं. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेला. त्याच्यावर जीव असणाऱ्यांचं दुःख खरं होतं. त्याच दुःखाच्या नावाखाली रिया चक्रवर्तीला बलात्काराच्या, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपण न्याय मागतोय. २०२५ च्या मार्चमध्ये सीबीआयनं तपास बंद करण्याचा अहवाल दिला. त्या धमक्या परत घ्यायला मात्र कोणी आलं नाही. तुमचा मुलगा २०२० मध्ये तेरा-चौदा वर्षांचा असेल. बाईला असं बोललं तरी चालतं, हे त्यानं तेव्हा घराघरांतल्या मोबाईलवर आणि टीव्हीवर पाहिलंय. ‘विष कुठून आलं’ याचा एक मोठा वाटा मी तिथं टाकीन. तुमच्या घरातून ते आलेलं नाही.

हिरोवर टीका करणारा पुरुष असता तर त्याला ‘अक्कल नाही’ म्हटलं असतं. मुलगी होती म्हणून तिच्या अंगावर, चारित्र्यावर आणि कॉलेजच्या गेटवर गेले. हे त्याच्याशी बोलताना सोडू नका.

आता बोलायचं कसं. तुम्हाला ती अक्षरं वाचता येत नाहीत, असं तुम्ही ओशाळून लिहिलंय. ताई, यात तुमची मोठी ताकद आहे. वडील घरात नसताना, दार लावून, मुलाला शेजारी बसवा. ते रील उघडायला सांगा आणि म्हणा, ‘मला वाचता येत नाही. तू लिहिलंयस ते मला वाचून दाखव.’ बस्स. पुढं काही बोलू नका. तो चिडेल, ‘तुला कोणी सांगितलं’ म्हणेल, उठून जायला बघेल. तुम्ही शांतपणे पुन्हा तेच म्हणा. तुमच्या भाचीला जिथं थांबावं लागलं, तिथं तोही थांबेल. ती शिवी आईसमोर त्याच्या तोंडातून निघणार नाही. निघाली नाही, तर ‘ही जागा का सोडलीस?’ एवढंच विचारा. आवाज आणि चेहरा, जे मोबाईलनं काढून घेतलं होतं, ते तुम्ही परत आणलेलं असेल.

दोन गोष्टी मात्र म्हणू नका. ‘तुझी बहीण असती तर?’ हे नको. ती त्याची बहीण नाही, कोणाचीही नसली तरी तिच्याशी असं बोलायचं नाही. आणि ‘तो हिरो काय तुला जेवायला घालतो का’ हेही नको. त्याच्या प्रेमाची थट्टा झाली की तो पुन्हा त्या टोळीच्या कुशीत जाईल, तिथं त्याची थट्टा कोणी करत नाही. त्याच्या बाबांनाही मारू देऊ नका. मार बसला की त्याच्या डोक्यात मार राहील, ती मुलगी जाईल.

मोबाईल काढून घेऊ नका. जे लिहिलं ते त्याच हातांनी पुसायचंय. आधी त्याला आपल्या सगळ्या कमेंटचे स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा, मग एकेक काढून टाकू द्या. स्क्रीनशॉट अशासाठी, की उद्या कोणी विचारलं तर मी हे लिहिलं होतं हे त्याला लपवता येऊ नये.

त्या मुलीच्या घरी जायचं मनातून काढा. तुमचा हेतू सोन्यासारखा आहे, पण दारावर अनोळखी माणसं आली की त्या घराला कळेल की आता पत्ताही सापडला. मुलालाही तिला थेट मेसेज करू देऊ नका. ज्या खात्यावरून शिव्या आल्या तिथून ‘सॉरी’ आलं तरी ते उघडताना तिचा हात कापेल. माफी जिथं पाप केलं तिथंच, ज्यांच्यासाठी केलं त्यांच्यासमोर. त्याच्या त्या पेजवर, स्वतःच्या नावानं तीन ओळी, मुलीचं नाव न घेता. कॉलेजचं नाव मी टाकलं होतं, ते चुकलं. गेटवर भेटू म्हणालो, ते त्याहून चुकलं. ज्यांनी ते पुढं पाठवलं त्यांनी काढून टाका. ‘पण तिनंही असं बोलायला नको होतं’ ही चौथी ओळ तो घालू बघेल. ती घालू देऊ नका.

हे लिहिणं अवघड आहे, हे मला माहीत आहे. टाळ्या वाजवणारे त्याच रात्री उलटतील. त्याला गद्दार म्हणतील, पेजवरून काढतील, कदाचित त्याच्याच फोटोखाली घाण लिहितील. २०२४ च्या आयपीएलमध्ये हार्दिक पंड्याला मुंबईच्या स्वतःच्या प्रेक्षकांनी वानखेडेवर हुर्यो केलं, कारण कप्तानपद रोहितकडून त्याच्याकडे आलं होतं. जूनमध्ये वर्ल्ड कपच्या फायनलची शेवटची ओव्हर त्यानं टाकली, आपण ७ धावांनी जिंकलो, आणि जुलैत त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. मुलाला हे नीट माहीत असेल, त्यालाच विचारा की ही गर्दी कोणाची असते. पण त्या रात्री त्याला एकटं झोपायला सोडू नका. तो जेवणार नाही म्हणेल, ताट वाढून ठेवा. फारच खचला, तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आधार सेवेच्या, नंबरवर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही.

पोलिसांचं. खरं सांगते, येऊ शकतात. एखाद्याला पिक्चर आवडला नाही म्हणून त्याच्याशी उद्धट बोलणं हा गुन्हा नाही. पण धमकी देणं, बाईचा अपमान होईल असं लिहिणं, तिनं नको म्हटल्यावरही ऑनलाइन मागे लागणं, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. अश्लील मजकूर टाकला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे कागदावरच राहतं असं समजू नका. २०२५ च्या जुलैमध्ये कन्नड अभिनेत्री रम्या हिनं अभिनेता दर्शनच्या खटल्याबद्दल मत मांडलं, त्याच्या चाहत्यांनी तिला बलात्काराच्या धमक्या दिल्या, तिनं बंगळुरूच्या पोलीस आयुक्तांकडे तक्रार केली आणि काही जणांना अटक झाली. तक्रार करणं हा त्या मुलीचा हक्क आहे. ती करू नये म्हणून तुमच्याकडून कोणी तिच्यावर दबाव आणला, तर मी तुमच्या बाजूनं उभी राहणार नाही. बोलावणं आलंच तर वकिलाला सोबत घेऊन जा आणि मुलाला खरं सांगू द्या.

हिरो सोडायला लावू नका. पेजही त्यानं ठरवावं. पुढच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर झालंच तर तुम्ही तिथं जाऊन या. तिथं तो खुर्च्या मांडतो, लोकांना बिस्किटं देतो, नावं लिहून घेतो, ते तुम्ही स्वतः कधी पाहिलंय का? त्याबद्दल त्याला शाबासकी तुमच्या तोंडून मिळाली पाहिजे. घरातून ती किती वेळा मिळाली, हा प्रश्न तुम्ही आणि त्याचे वडील, दोघांनी एकदा बसून बोला.

एक राहिलं. तुमच्या नणंदेची मुलगी. तिनं मोठं धाडस केलंय. मामेभावाचं बिंग तिनं फोडलं, हे त्याला आणि त्याच्या मित्रांना कळलं तर पुढचं रील तिच्यावर असेल. म्हणून मुलाशी बोलण्याआधी तिला फोन करा. तिचं नाव घ्यायचं की नाही हे तिला ठरवू द्या. ती नको म्हणाली, तर मुलानं कितीही खोदून विचारलं तरी सांगू नका, ‘मला कळलं’ एवढंच म्हणा. आणि तुम्हाला वाचून दाखवताना ज्या शब्दांशी ती थांबली, ते तिनं तुमच्यासाठी गिळले होते, ताई. ती कशी आहे तेही फोनवर विचारा.